जीपवालीचा चौथा प्लग

एका उंच डोंगरमाथ्यावर, जिथे पहाटे घागरीतल्या पाण्यालाही हुडहुडी भरे, अशा गावात एक जीपवाली राहत होती. गावातल्या मुलींना ती आपल्या जुन्या डिझेलच्या जीपमधून खाली खोऱ्यातल्या शाळेत पोहोचवायची. पण थंडी पडली की जीप रुसायची. मग शेजारचा पैलवान बाह्या सावरून यायचा आणि उतारावर धक्का द्यायचा.

"माझ्या दंडावर चालते बरं का वहिनी, तुमची जीप!" तो मिशीला पीळ देत म्हणायचा.

एवढं करूनही रोज उशीर व्हायचाच. शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी बजावलं, "उद्या वार्षिक परीक्षा. फाटक एकदा लागलं की उघडणार नाही." मुलींचे चेहरे उतरले.

परतताना ती मेकॅनिककडे गेली. तो बहिणीच्या लग्नाला निघाला होता. "हीटर प्लग गेलेत," तो म्हणाला. "थंड इंजिनाला आतून ऊब देतात ते. हे नवे चार घ्या आणि तुम्हीच बदला. इंजिन गरम असताना काढा. एक जरी आत तुटला, तर अख्खं इंजिन उघडावं लागेल!"

जीपवालीने जन्मात कधी पाना धरला नव्हता. तरी घरी येताच तिने बॅटरीची तार सोडली, प्लगांभोवतीची धूळ पुसली आणि देवाचं नाव घेऊन पाना लावला. पहिला प्लग निघाला! मग दुसरा, तिसराही. चौथा मात्र हटून बसला.

पैलवान धावतच आला. "पान्याला लांब पाईप लावू. एका झटक्यात बाहेर!"

तिला मोह झाला. दिवस मावळत होता, मनगटं भरून आली होती. तिने पाईप चढवलासुद्धा. पण क्षणभर तिच्या डोळ्यांसमोर मुलींचे उतरलेले चेहरे आले आणि तिने हात मागे घेतला.

"नको भाऊजी. तुटला तर पोरींचं वर्ष जाईल."

"अहो, जोर लावल्याशिवाय काही सुटतं का?"

"उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! जोर लावायचाच तर जीपला लावा. इंजिन गार पडलंय, ते आधी तापवून आणू."

तिने तीन नवे प्लग बसवले, तार जोडली. पैलवानाने कुरकुरत धक्का दिला. गावाला एक फेरी मारून ती परत आली, तार पुन्हा सोडली. चौथ्या प्लगाच्या मुळाशी तेल सोडलं आणि लोणचं मुरू द्यावं तसं ते मुरू दिलं. मग पान्याने प्लग थोडा सैल, थोडा घट्ट. पुन्हा थोडा सैल. बऱ्याच वेळाने प्लग करकरला, हलला आणि अखंड तिच्या हातात आला.

"निघाला!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की गावभरची कुत्री भुंकू लागली. नवा प्लग तिने आधी बोटांनी फिरवला, मग पान्याने बेताने आवळला आणि तार जोडली.

सकाळी सारं गाव जमलं. पैलवान बाह्या सावरून मागे उभा राहिला. जीपवालीने किल्ली अर्धी फिरवली, प्लग तापून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबली, मग पूर्ण फिरवली. जीप पहिल्याच फटक्यात धडधडली! मुलींनी एकच गलका केला. पैलवान बघतच राहिला, मग खो खो हसत तोही मुलींच्या शेजारी चढून बसला.

जीप शाळेपाशी पोहोचली, तेव्हा शिपाई अजून फाटकाचं कुलूप काढत होता.

तात्पर्य: अडलेल्या कामाला आधी ऊब आणि धीर द्यावा, मग नवशिक्याच्या हातूनही ते सुटतं.