साळूनं पाठ फिरवली

डोंगराला नांगर ठाऊक नव्हता, त्या काळची गोष्ट. दरड कोसळली आणि साळू नावाच्या साळिंदराचं बीळ बुजलं. दोन पिल्लं घेऊन ती थेट दाट रानात शिरली. ऐनाच्या मुळाखाली तिनं नवं घर कोरलं. पण तेवढ्यावर गप्प बसेल ती साळू कसली! दारापुढची करवंदीची जाळी कुरतडून तिनं वावर मोकळं केलं आणि पोटाला चिमटा काढून राखलेले कणगराचे कंद त्यात पुरले.

रानडुक्कर खो खो हसलं. "रान फुकट खायला घालतंय, आणि ही बया शेती करतेय!"

"तू खा बापडा," साळू म्हणाली. "मला पुढच्या सालाचंही बघायचंय."

पुढं रानातली फळंमुळं संपली. साळूचे कंद मात्र मातीखाली चांगले पोसले होते. डुक्कर मुसंडी मारत वावरात शिरलं. कंद गेले असते तर पिल्लांना खायलाही नाही आणि पेरायलाही नाही. साळूनं डुकराकडं पाठ फिरवली.

"भ्यालीस होय गं?" डुक्कर खिदळलं.

साळिंदर पाठीनं लढतं, हे त्या अडाण्याला काय ठाऊक! काटे फुलवून साळू उलटी धावली, तसं डुक्कर केकाटत खालीच बसलं. नाकात तीन काटे रुतले होते.

साळूनं ते दातांनी उपसले आणि एक कंद त्याच्यापुढं टाकला.

"खा मेल्या. नाक सुजलंय, मोडलेलं नाही. शेजारचं पडीक तेवढं उकरून ठेव. बियाणं मी देते."