बत्तिसाव्या मजल्यावरचं दूध

दूध काही केल्या उतू जाईना!

बबनशेठ ढमाल्यांच्या टॉवरमधला बत्तिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली बँका, कचेऱ्या, गाड्यांचा कलकलाट; वर इटालियन संगमरवर, हाक मारली की सरकणारे पडदे आणि विजेवर चालणारी जर्मन शेगडी. गिऱ्हाईक सहीला टेकलं होतं. तेवढ्यात शेठच्या सेल्समनने नको ती फुशारकी मारली.

"आमच्या शेगडीवर दूध कधी उतू जातच नाही! उकळायच्या आत ती आपोआप बंद होते."

"अगंबाई!" गिऱ्हाइकाच्या आई, माई कारखानीस, ताडकन उठल्या. "नव्या घरात दूध उतू घालायचं असतं! तेच जमत नसेल तर असलं घर मला नको. चल रे!"

झालं! शेठनी स्वतः चांदीच्या गडूत दूध घालून शेगडीवर ठेवलं. दूध तापलं, शेगडी टुंऽ वाजली आणि बंद! पुन्हा ठेवलं, पुन्हा टुंऽ! गॅस आणावा तर इमारतीत गॅस वापरायचा नाही, हा नियम खुद्द शेठचाच.

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या हौसाक्काला हसू आवरेना. फाटकाजवळ तिची चहाची टपरी. टॉवरची शोभा जाते म्हणून शेठनी ती संध्याकाळी उचलायला सांगितली होती. पण तिची जीभ काही गप्प बसणारी नव्हती.

"हसतेस काय?" शेठ खेकसले. "संध्याकाळी टपरी जातेय ना तुझी!"

"म्हणून तर आत्ताच हसून घेते, शेठ. संध्याकाळी रडायचंच आहे!"

"एवढी शहाणी असशील तर दाखव दूध उतू घालून! याच शेगडीवर. बटणाला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही. जमलं तर टपरी राहील."

"माईंसमोर शब्द देताय हां! पण दूध माझं आणि पातेलंही माझं."

"आण, बाई, गाईसकट आण!"

हौसाक्का खाली गेली आणि टपरीवरचं स्टीलचं पातेलं, थंडगार दुधाच्या पिशव्या घेऊन आली. पातेलं शेगडीवर ठेवलं आणि दूध ओतायला लागली. अर्धं झालं, पाऊण झालं, ती थांबेचना!

"अहो, सांडेल!" सेल्समन ओरडला. "संगमरवर खराब होईल!"

"मग इतका वेळ तुम्ही काय करत होतात? सांडायचाच तर खटाटोप चाललाय ना!"

दूध काठोकाठ आलं तशी ती थांबली. माईंनी चष्मा लावून बघितलं. बाहेर एक थेंब नव्हता. सेल्समनने शेगडी चालू केली. हौसाक्काने मनातल्या मनात कुलदैवत आठवलं. टपरीचं काय ते आता त्या पातेल्यात होतं.

दूध तापलं. तापलं तसं फुगलं. काठावर थरथरलं आणि शेगडी टुंऽ करायच्या आतच त्याचा ओघळ खाली आला!

"उतू गेलं गं बाई!" माईंनी हात जोडले. "तेही पूर्वेला! कर रे बाबा सही, बघतोस काय?"

सही झाली, पेढे वाटले गेले. पण शेठच्या घशाखाली पेढा उतरेना. त्यांनी हौसाक्काला जवळ बोलावलं.

"खरं सांग, माझी जर्मन शेगडी तू फसवलीस कशी?"

"फसवली कुठं? ती बिचारी आपल्या वेळेवरच बंद झाली. दूध तापलं की फुगणारच, पण त्याला काठ तर जवळ हवा! तुम्ही एवढ्या मोठ्या गडूत तळ झाकण्यापुरतं दूध घातलंत. ते बाहेर यायचं तरी कुठून? चूक शेगडीची नाही, शेठ. ओतणारा हात आखडता होता!"

सेल्समनने जीभ चावली. माईंनी तोंडाला पदर लावला. शेठचा चेहरा लालेलाल झाला आणि मग त्यांचं पोट गदागदा हलायला लागलं. हसता हसता ते खुर्चीतच बसले.

"टपरी उचलाच तिची!" ते म्हणाले, आणि हौसाक्काचा जीव खालीवर झाला. "उचला आणि फाटकाच्या आत, मोक्याच्या गाळ्यात ठेवा! आजपासून गाळा हौसाक्काचा. आणखी काय हवं, बोल!"

"आणखी काही नको, शेठ," हौसाक्का पदर खोचत म्हणाली. "फक्त तुमच्या ऑफिसच्या चहात दूध आता मी घालीन. तुम्ही जवळ उभं राहायचं नाही!"

शेठ इतके हसले, की हाक न मारताच पडदे सरकले.