झुपकीचे डोळे आणि डॉक्टरांचा तक्ता

एक होती खार. एवढीशी. नाव झुपकी.

झुपकीला लांबचं दिसायचं धूसर. जांभूळ समजून उडी मारायची, हाती यायचं वाळकं पान. जांभळं बाकीच्यांनी खाल्ली. झुपकीने पानं जमवली. झाडावर उरला एकच घोस.

आत्या म्हणाली, डोळे दुखत नाहीत ना, मग झालं तर. आत्याची जीभ जांभळीजांभळी होती.

तुरुतुरु तुरुतुरु. झुपकी गेली बगळेडॉक्टरांकडे. डॉक्टर एका पायावर उभे होते. म्हणजे फार कामात होते.

"डॉक्टर, डोळे तपासा ना."

"चित्रांचा तक्ता कुठाय? माकड तक्ता टांगेल, मग मी डोळे तपासीन."

तुरुतुरु तुरुतुरु. माकड पोट खाजवत होतं. तेही कामच.

"माकडदादा, तक्ता टांग ना. तक्ता नाही, डॉक्टर डोळे तपासेनात."

"दोरी कुठाय? सुगरण दोरी वळेल, मग मी तक्ता टांगीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"सुगरणताई, दोरी वळ ना. दोरी नाही, माकड तक्ता टांगेना. तक्ता नाही, डॉक्टर डोळे तपासेनात."

"गवत कुठाय? म्हैस बसलीय त्यावर. म्हैस उठेल, मग मी दोरी वळीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हैसमावशी, ऊठ ना. गवत नाही, सुगरण दोरी वळेना. दोरी नाही, माकड तक्ता टांगेना. तक्ता नाही, डॉक्टर डोळे तपासेनात."

"पाठीवर कुणी किडे टिपतंय. छान वाटतंय. ते उडेल, मग मी उठेन."

झुपकीने वर पाहिलं. पांढरं पांढरं, धूसर धूसर. कापूस असेल.

"कापूसकाका, उडा ना. तुम्ही उडेनात, म्हैस उठेना. गवत नाही, सुगरण दोरी वळेना. दोरी नाही, माकड तक्ता टांगेना. तक्ता नाही, डॉक्टर डोळे तपासेनात."

कापूस खाकरला. कापसाला चोच होती. चोचीत किडा होता.

ते होते डॉक्टर. दवाखाना सोडून नाश्त्याला आलेले.

"उडतो हं," डॉक्टर हळूच म्हणाले. फडफड फडफड.

डॉक्टर उडाले, म्हैस उठली. म्हैस उठली, सुगरणीने दोरी वळली. दोरी आली, माकडाने तक्ता टांगला. तक्ता लागला, डॉक्टरांनी डोळे तपासले. आधी हा डोळा झाक, मग तो डोळा झाक. नाकावर इवलासा चष्मा.

"वर्षाने पुन्हा ये. दुखत नसलं तरी ये."

"येईन," झुपकी म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात असलात तर."

झाडाखाली आली. घोस अजून होता. चांगला लखलखीत दिसत होता. आत्या तिकडेच निघाली होती, सावकाश.

झुपकीने नेम धरला. टुणकन.

पान नाही. जांभूळ.

मटकावलं. बी उरली, गोष्ट सरली.