झिपरू मास्तर आणि पोरांचा डोह

नदीकाठच्या एका गावात झिपरू नावाचा एक भोळा राहायचा. भोळा म्हणजे इतका, की ‘जरा थांब’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच उभा. मन मात्र सोन्याचं हो!

त्याच गावातले दगडूआबा भोई पोरांना गळ टाकायला शिकवत. फुकट. त्यांचा गळही न्यारा. गांडूळबिंडूळ काही नाही. कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी बांधायची आणि पाण्यावर नाचवायची. दहा पोरं त्यात रमली होती. पण यंदा डोह ठेक्याने द्यायचं घाटत होतं. मासेमारी खात्याचे साहेब रविवारी वर्ग बघायला येणार होते. वर्ग आवडला तर डोह पोरांचा, नाहीतर ठेकेदाराचा. आणि बुधवारी आबांचा पाय मुरगळला!

“चार दिवस पोरांना कोण सांभाळेल रे?” आबांनी पारावर विचारलं.

सगळे खाली बघायला लागले. झिपरूने हात वर केला. आता काय करता? अडला हरी.

“एवढंच ध्यानात ठेव,” आबा म्हणाले. “काठावर आवाज करायचा नाही. हळूच यायचं, हळूच जायचं.”

गुरुवारी झिपरूने पोरांना शिंकूसुद्धा दिलं नाही. घरी येताना बघतो तर तुळसाकाकूच्या मक्यात म्हैस शिरलेली. झिपरू चपला हातात घेऊन हळूच आला, हळूच गेला. म्हशीने निम्मा मका फस्त केला.

काकू भांडायला आबांच्या दारात.

“अरे शहाण्या, अशा वेळी ओरडायचं!” आबा म्हणाले. “हात हलवायचे, दगड मारायचा!”

“बरं आबा.”

शुक्रवारी सुमीच्या माशीजवळ एक मोठा खडस मासा आला. पोरांनी श्वास रोखले. झिपरू ओरडला, “हुर्र! हाड! हाड!” आणि हे धोंडे मारले! मासा गेला. त्याच्या मागून बाकीचेही गेले.

आबांना हसावं की रडावं कळेना. “दोरी ताणली गेली, की ओरडायचं नाही रे बाबा. झटका द्यायचा आणि ओढायचं!”

“बरं आबा.”

शनिवारी पाटलांकडे लग्न. मांडवाच्या चारी दोऱ्या चांगल्या ताणलेल्या. झिपरूने पाहिलं, धोतर खोचलं, झटका दिला आणि ओढलं. मांडव आला खाली. वऱ्हाडी जिलबीसकट आत. नवरदेव तर दोन तास सापडला नाही.

आबांनी हात जोडले. “झिपरू, तुझ्या पाया पडतो. उद्या साहेब येणार. काही शिकवू नकोस, नुसता उभा राहा. फक्त एक सांभाळ. पाऊस तोंडावर आलाय. पोट फुगलेला मासा वर आला तर आत गाभोळी असते, अंडी रे! तो ठेवायचा नाही. दोन्ही हातांनी अल्लाद धरायचा, तोंड धारेकडे करायचं, शेपूट हलवली की द्यायचा सोडून. एकाचे पन्नास होतात.”

“बरं आबा.”

रविवारी साहेब आले. गोल, गुटगुटीत, पोट सदऱ्यात मावेना. पोरांनी अशा माश्या नाचवल्या, की साहेब टाळ्या वाजवायला लागले. “वा! वा! डोह तुमचाच!” म्हणत एक पाऊल पुढे आले आणि शेवाळावरून सटकून धबकन डोहात!

झिपरूने उडी मारली. काखेत धरून साहेबांना काठावर आणलं. पोरं नाचायला लागली. डोह वाचला, वर्ग वाचला!

तेवढ्यात झिपरूची नजर साहेबांच्या पोटावर गेली.

“अहो, धरा मला!” साहेब म्हणाले.

झिपरूने धरलं. दोन्ही हातांनी, अल्लाद. तोंड धारेकडे केलं. साहेबांनी जिवाच्या आकांताने पाय झाडले. झिपरूने दिलं सोडून.

खाली उथळ पाण्यात पोरांनी साहेबांना कसंबसं ओढून काढलं. साहेब ओलेच जीपमध्ये बसले आणि डोह ठेकेदाराच्या नावे करून गेले.

हे कानावर आलं तशी आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “गेला रे डोह! पोरांच्या तोंडचा घास गेला!”

“रडू नका आबा,” झिपरू म्हणाला. “पाऊस पडू द्या. डोहात पन्नास साहेब होतील. त्यातला एखादा तरी देईलच की आपल्याला!”