टिपक्यांची माशी

वेत्रवती नगरीत राजा सुमित्र राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य होता. त्या वर्षी राजाच्या मळ्यात वांगी धरेनात. उद्यानाध्यक्ष भद्रघोष हा राजाचा मेहुणा. त्याने दोष ठेवला तो माळीण सोमाच्या घराच्या मातीच्या भिंतीवर. त्या भिंतीच्या भोकांत फुलांवर येणाऱ्या माश्या राहत.

"मी एक पकडून पाहिली," तो राजाला म्हणाला. "पायाला परागाचा कणही नाही. सगळ्या आयतखाऊ, फुलांतला रस पितात आणि पराग नेत नाहीत. ती भिंत पाडून टाकावी."

"अध्यक्षांनी पालखीतूनच पकडली असेल," सोमा म्हणाली. "महाराज, माझं छप्पर त्याच भिंतीवर आहे."

बोधिसत्त्वाने सात दिवसांची मुदत मागितली आणि तो रोज सकाळी त्या भिंतीसमोर जाऊन बसला. आठव्या दिवशी त्याने राजाला सांगितले, "महाराज, तिथे दोन जाती आहेत. एकीच्या पोटावर निळे पट्टे. ती वांग्याच्या फुलाला बिलगून गुणगुणते तेव्हा पराग झडतो. तो मागच्या पायांच्या केसांत भरून ती पिलांसाठी नेते. दुसरी काळी, अंगावर निळे टिपके. तिच्या पायांवर पराग धरणारे केसच नाहीत. पट्टेवाली बाहेर गेली की ही आत शिरून अंडे घालते. तिची अळी घरधनिणीचे अंडे मारते आणि साठा खाते. अध्यक्षांनी पकडली ती ही. तरी तीही मधमाश्यांच्याच कुळातली."

"मग टिपक्यांच्या तेवढ्या मारा."

"नको, महाराज. त्या दहांत एखादी. त्यांच्यामुळे भिंत ओस पडलेली नाही. शिवाय कमावण्याचे साधनच जिला जन्मतः मिळाले नाही, तिला न कमावल्याची शिक्षा कशी द्यावी? वांगी गेली ती वेगळ्या कारणाने. मळ्याभोवतीच्या मातीच्या भिंती अध्यक्षांनी गेल्या वर्षी चुन्याने लिंपल्या. पट्टेवालीला राहायला सोमाची भिंत तेवढी उरली."

"मळा शोभून दिसावा म्हणून लिंपल्या," भद्रघोष म्हणाला.

"दिसतो की," सोमा म्हणाली. "वांगी तेवढी दिसत नाहीत."

राजा बोधिसत्त्वाकडे वळला. त्याने मेहुण्यासाठी शिक्षा विचारली.

"यांना हात आहेत," बोधिसत्त्व म्हणाला. "चुना यांनीच खरवडावा."

भद्रघोषाने तो खरवडला. पुढच्या हंगामात वांग्यांनी झाडे वाकली. टिपक्यांची माशीही त्या भिंतींत ये-जा करू लागली. तिला कोणी हटकले नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "एका आळशी भिक्खूवरून साऱ्या विहाराला नावे ठेवणारा पुण्णक तेव्हा भद्रघोष होता. राजा म्हणजे आनंद, सोमा म्हणजे भिक्खुणी रेवा, आणि न्यायामात्य मी. त्या जन्मी मी प्रज्ञा पारमिता पाळली: निवाड्याआधी पाहिले, आणि सारे पाहूनही दया सोडली नाही."