झाकलेली लोटी

फार जुन्या काळची, एका आडवळणाच्या राज्यातली ही गोष्ट. तिथल्या राजाने एका उन्हाळ्यात आपल्या मुलखात इतके रिकामे पाळणे पाहिले, की त्याने दर पाच गावांमागे एक दाई नेमली. सुईणीचं काम मूल जन्मलं की संपतं. या दाईचं तिथून सुरू होई. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याचं दुखणंखुपणं तिने पाहायचं, असा राजाचा हुकूम होता.

आपल्या गोष्टीतली दाई त्या कामात मोठी हुशार होती. तान्ह्याची टाळू बोटाने चाचपून आणि पोटाची कातडी चिमटीत धरून ती सांगे, की याच्या अंगातलं पाणी किती उतरलंय. उन्हाळ्यात नदी आटली आणि डबक्यांचं पाणी प्यायची वेळ आली, की पाची गावांत मुलांना हगवण लागे. अंगातलं पाणी संपलं की मूल जातं, हे दाईला पक्कं ठाऊक होतं. उपायही साधा होता. तांदळाची पातळ पेज, त्यात चिमूटभर मीठ, आणि ती चमच्याने थोडी थोडी पाजत राहायची.

अडचण एवढीच, की त्या गावांची रीत अगदी उलटी होती. मुलाला हगवण लागली की घरातली थोरली बाई त्याची पाण्याची वाटी फळीवर पालथी घाली. वाटी पालथी आहे तोवर मुलाच्या तोंडात थेंब घालायचा नाही. म्हाताऱ्या म्हणत, "मडकं गळतंय तर वरून आणखी कशाला ओतायचं?" त्यांच्या सासवांनी त्यांना हेच सांगितलं होतं. जी पोरं जगली ती या रीतीमुळेच जगली असं त्यांना वाटे. जी गेली त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे.

म्हाताऱ्यांची समजूत घालायची, तर दाईला घरोघर बसावं लागलं असतं, चार टोमणे ऐकावे लागले असते. तिला तेवढा वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेवढा धीरही नव्हता. मग तिने एक युक्ती काढली. पेज आपल्या घरी शिजवायची, पितळी लोटीत भरायची, वर फडकं घट्ट बांधायचं आणि सांगायचं, "हे राजाचं औषध." राजाच्या औषधाला नाही कोण म्हणणार? वाटी फळीवर पालथीच राही आणि मूल लोटीतलं पिऊन चार दिवसांत अंगणात खेळू लागे. लोक दाईची वाहवा करत. तिलाही आपल्या हुशारीचं कौतुक वाटे. ते कसं गोड लागतं, हे लहानथोर सगळ्यांनाच माहीत आहे.

नदीवर धुणं धुताना ती तरण्या आयांच्या कानात मात्र खरं सांगे. "लोटीत पेजच असते गं. पण घरी बोलू नकोस, उगाच भांडणं होतील." आया हसत आणि मान डोलवत.

एका घरावर दाईचा फार जीव होता. तिथे एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि वर्षाची नात अशी चौघं राहत. नात आजीच्या मांडीवरच झोपे. दाई दारात आली की म्हातारी तिला बसवून घेई आणि ताक दिल्याशिवाय सोडत नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात दाई सगळ्यांत लांबच्या गावी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी या घरातला मुलगा धापा टाकत तिथे आला.

"दाई, पोरीला काल पहाटेपासून हगवण लागलीय. आईनं औषध आणायला पाठवलंय. आधी मधल्या दोन गावांत शोधलं तुम्हाला."

"पेज पाजताय ना?"

"वाटी पालथी हाय. आई म्हणाली, राजाचं औषध आलं की तेच देऊ."

दाईने भरलेली लोटी उचलली आणि भर उन्हात चार कोस चालत, पळत ती त्या घरी पोचली.

म्हातारी अंगणात नातीला मांडीवर घेऊन बसली होती. दाईने टाळूवर बोट ठेवलं, तर ती खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीतून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दाईने चमचा तिच्या ओठांना लावला. पेज ओठांच्या कडेने ओघळून म्हातारीच्या लुगड्यावर पडली. दुसरा चमचाही तसाच ओघळला. तिसरा भरला तेव्हा पोरीचा श्वास थांबला होता.

सून दारातून म्हणाली, "आत्याबाई, मी सांगत होते. लोटीत पेजच असते, दाईनंच मला सांगितलंय म्हणून."

"सांगत होतीस," म्हातारी म्हणाली. "मी म्हटलं, राजाचं औषध आणि आपल्या चुलीवरची पेज एक कशी असंल? दाई माझ्याशी खोटं कशाला बोलंल?"

तिने लोटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"ही पेज हाय."

"हो, मावशी."

"आमच्या चुलीवर होती. कालपासनं होती." म्हातारीचा आवाज चढला नाही. "माझ्या हातचं ताक प्यायलीस तू. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भांडाल असं वाटलं मला," दाई म्हणाली.

"भांडले असते. दोन दिवस भांडले असते. मग पाजली असती."

दाईला स्वतःची अतोनात लाज वाटली. इतकी मुलं वाचवली होती तिने, पण त्यातलं एकही तिला त्या वेळी आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरून खरं सांगू लागली. पण आता ऐकणार कोण? "तीन वर्षं खोटं बोलणारी आज खरं बोलतेय कशावरून?" असं म्हणत लोकांनी दारं लावून घेतली. त्या उन्हाळ्यात आणखी दोन पाळणे रिकामे झाले.

मग एका सकाळी तीच म्हातारी घरातून चूल उचलून चावडीपुढे आली. तिने सगळ्यांसमोर पेज शिजवली, आपल्या हाताने मीठ टाकलं आणि गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना चाखायला लावली. त्यांनी वाद घातला. तिने दोन दिवस तो ऐकून घेतला. त्यानंतर त्या गावात वाटी पालथी पडली नाही.

दाईच्या लोटीवर पुन्हा कधी फडकं दिसलं नाही. म्हातारीने मात्र तिला पुन्हा ताकासाठी बसवून घेतलं नाही, आणि दाईनेही त्या दारात कधी पाणी मागितलं नाही.

तात्पर्य : मुलाला जे वाचवतं, ते त्याच्या घरापासून लपवू नये.