शिंपिणीची पिशवी आणि वानराची तक्रार

ओढ्याकाठच्या जंगलात, पळसाच्या एका झुडपात, कोणे एके काळी एक शिंपीण राहत असे. मुलांनो, शिंपीण म्हणजे पाने टाचून घरटे करणारी इवलेसे पाखरू. ही शिंपीण घरट्याबरोबर पिशव्याही शिवायची. पळसाची पाने, सावरीच्या कापसाचा दोरा आणि चोचीची सुई, की झाली पिशवी तयार! मूठभर कापूस आणून दिला की पिशवी मिळे आणि वर तिचा शब्द असे, "पानं वाळायच्या आत टाका उसवला, तर जुनी आणून द्या, नवी घेऊन जा." परत आलेली पिशवी ती कधी फेकून देत नसे. टाका न् टाका निरखून बघे. कुठला सुटला? का सुटला? ते कळेपर्यंत तिला घास गोड लागत नसे.

ओढ्यापलीकडच्या वानराला हा शब्द फारच आवडला, पण भलत्याच कारणासाठी. तो जांभळाच्या झाडावर बसून पिशवी भरायचा आणि तिथेच बसून रिकामी करायचा. आठवडाभरात पिशवी डागाळून चिकट व्हायची. आता ती धुणार कोण? मग स्वारी पिशवीचा बंद दातांनी तोडून शिंपिणीपुढे हजर! "ताई, बघ ना, पुन्हा बंद तुटला." चेहरा असा पाडायचा, की बघणाऱ्याला दया यावी. शिंपीण बिचारी नवी पिशवी काढून द्यायची.

पण तिच्या डोक्यात भुंगा शिरला. 'ओझं तर तळावर येतं, मग बंदच का तुटतो?' खूप विचार करून तिने नव्या पिशव्यांच्या बंदांना दुप्पट टाके घातले. दोरा होता तेवढाच, त्यामुळे तळाचे टाके विरळ झाले. तळाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, म्हणून तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

पावसाळा तोंडावर आला होता. तीन पिल्लांची आई असलेल्या खारीने महिनाभर राबून चारोळ्या जमवल्या होत्या. पावसाच्या दिवसांत पिल्लांना तेवढाच आधार होता. नव्या पिशवीत चारोळ्या भरून ती ओढ्यावरच्या आडव्या ओंडक्यावरून घराकडे निघाली आणि मध्यावर पिशवीचा तळ उसवला. बघता बघता सगळ्या चारोळ्या वाहून गेल्या. खार रडतच शिंपिणीकडे आली. "माझंच चुकलं असेल गं. जास्त भरली का मी?"

तेवढ्यात वानरही आला. "ताई, बंद!"

शिंपिणीने दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या. खारीच्या पिशवीचा बंद धडधाकट होता आणि तळ मात्र फाकला होता. वानराच्या बंदाचा दोरा झिजलेला नव्हता, एका फटक्यात तुटलेला होता. बंदाशेजारच्या पानावर चार जांभळ्या खुणा उमटल्या होत्या.

"वानरा, जरा आ कर बघू," शिंपीण म्हणाली. वानराने आ केला. दात जांभळेशार! तिने खुणा जुळवून पाहिल्या, त्या तंतोतंत जुळल्या.

वानर गुरगुरला, "एका पिशवीचं एवढं काय? तुझं काय बिघडलं त्यात?"

"माझं नाही रे बिघडलं. तुमच्या तक्रारी ऐकूनच मी शिवायला शिकते. तू खोटं सांगितलंस, म्हणून मी बंद पक्के केले आणि तळ कच्चा ठेवला. हिच्या पिल्लांचा घास वाहून गेला."

वानराने खारीकडे पाहिले.

फांदीवरून मैना ओरडली, "ताई, बंद कर ही अदलाबदल!"

"का म्हणून? खारुताईची तक्रार खरी आहे. तिला नवी पिशवी मिळणारच," शिंपीण म्हणाली आणि लगेच पक्क्या तळाची पिशवी शिवायला बसली. वानराला त्याची तुटकी पिशवी तशीच परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वानर चारोळीच्या झाडावर चढत होता आणि मूठ मूठ चारोळ्या खारीच्या ढोलीत नेऊन टाकत होता. त्याच्या लाजेला सीमा नव्हती. संध्याकाळ झाली, तरी ढोली निम्मीही भरली नव्हती, आणि आभाळ भरून आले होते.

तात्पर्य : विश्वासाने दिलेली सवलत जो खोटे बोलून लाटतो, त्याच्या लबाडीची झळ खरी गरज असलेल्यालाच बसते.